शांतिसेना श्रीलंकेत का गेली, हे आता सरकारने सांगावे

प्रति,
मा. संरक्षणमंत्री आणि मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

२४ मार्च १९९० रोजी भारतीय शांतिसेनेची शेवटची तुकडी त्रिंकोमाली बंदरातून निघाली. त्याला आता पस्तीस वर्षे उलटून गेली. त्याआधी अडीच वर्षांहून अधिक काळ आपले सैन्य शेजारच्या देशाच्या यादवी युद्धात होते. सुमारे १,२०० अधिकारी आणि जवान तिथे कामी आले, तीन हजारांच्या आसपास जखमी झाले. एवढ्या मोठ्या मोहिमेचा भारत सरकारने प्रसिद्ध केलेला अधिकृत इतिहास आजही आम्हा नागरिकांच्या हाती नाही. गोवा मुक्तीच्या कारवाईचा आहे. काँगोत गेलेल्या आपल्या तुकड्यांचा आहे. दोन्ही याच संरक्षण मंत्रालयाने छापले. श्रीलंकेचा मात्र नाही. तो लिहून प्रसिद्ध करावा आणि १९८३ ते १९९० या काळातली मंत्रिमंडळाची, परराष्ट्र खात्याची व लष्करी मुख्यालयांची कागदपत्रे राष्ट्रीय अभिलेखागारात खुली करावीत, ही मागणी या पत्राद्वारे करत आहे.

लढाई कशी झाली, हे बऱ्यापैकी ठाऊक आहे. सेनापतींनी लिहिले, राजदूतांनी लिहिले, पत्रकारांनी लिहिले, उत्तर श्रीलंकेतील जाफन्यातल्या प्राध्यापकांनी जीव धोक्यात घालून लिहिले. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. आपण गेलो कशासाठी? सरकारच्या मनात तेव्हा नेमके काय होते, त्यातले जनतेला किती सांगितले आणि सैनिकांना किती? माझे म्हणणे असे की जाण्यामागे एकच हेतू नव्हता. तीन-चार हेतू होते, ते एकमेकांना छेद देणारे होते आणि सरकारने ते कधी एका जागी मांडून त्यांचा क्रम ठरवला नाही. १९८७ च्या ऑक्टोबरात जाफन्याच्या गल्ल्यांमध्ये जे घडले, त्याचे मूळ या गोंधळात आहे. हे म्हणणे चूक असेल तर ते खोडून काढणारा कागद फक्त तुमच्याकडेच असणार.

श्रीलंकेचा प्रश्न म्हटला की तो तमिळनाडूचा, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. पण या मोहिमेचे सर्वोच्च सेनापती लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग हे दक्षिण मुख्यालयाचे प्रमुख होते, आणि ते मुख्यालय पुण्यात आहे. मराठा लाइट इन्फन्ट्री आणि महार रेजिमेंटच्या पलटणी तिथे लढल्या. ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचा जन्म मुंबईचा, शाळा-कॉलेज एसआयईएसचे. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री जाफन्याजवळ कंतरोडाई गावच्या परिसरात शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. त्यांनी हल्लेखोरांना मागून घेरले. छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची बंदूक हिसकावून त्याला ठार केले आणि नंतर प्राण सोडला. मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. शांतिसेनेतले ते एकमेव परमवीर. त्यांच्या शौर्याचे मानपत्र आम्ही वाचले आहे. त्या रात्री ते तिथे कोणत्या धोरणासाठी होते, हे सांगणारा सरकारी कागद आम्हाला अजून वाचायला मिळालेला नाही.

महोदय, आता हेतूंकडे येतो.

सुरुवात १९८३ च्या जुलैपासून करावी लागते. २३ जुलैला जाफन्यात लिट्टे या वेगळ्या राष्ट्रासाठी लढणाऱ्या सशस्त्र तमिळ संघटनेने श्रीलंकेच्या लष्करी गस्तीवर हल्ला करून १३ सैनिक मारले. त्यानंतर कोलंबोत तमिळांची घरेदारे, दुकाने जाळली गेली, माणसे रस्त्यावर मारली गेली, वेलिकडा तुरुंगात दोन वेगवेगळ्या दिवशी मिळून ५३ तमिळ कैद्यांची हत्या झाली. निर्वासितांच्या होड्या रामेश्वरमला लागू लागल्या आणि पुढच्या चार वर्षांत त्यांची संख्या लाखाच्या पुढे गेली. इंदिरा गांधींनी तेव्हाचे परराष्ट्रमंत्री नरसिंह राव यांना तातडीने कोलंबोला पाठवले, मग ज्येष्ठ मुत्सद्दी जी. पार्थसारथी यांच्यामार्फत मध्यस्थी सुरू केली. हा झाला उघड हात. दुसऱ्या हाताने त्याच काळात तमिळ गटांच्या तरुणांना भारतात शस्त्रप्रशिक्षण देणे सुरू झाले. तमिळनाडूत छावण्या होत्या, डेहराडूनजवळ चक्राता इथेही प्रशिक्षण झाले. लिट्टे, टेलो, ईपीआरएलएफ, इरॉस, प्लॉट अशा सगळ्याच गटांना मदत मिळाली. जैन आयोगाच्या अंतरिम अहवालात हे सविस्तर आले आहे.

इथे थोडे थांबतो. या छावण्यांबद्दल भारतीय राज्यसंस्थेने जे काही अधिकृतपणे नोंदवले, ते राजीव गांधींच्या हत्येची चौकशी करणाऱ्या आयोगामुळे बाहेर आले. १९९७ च्या नोव्हेंबरात तो अहवाल संसदेत आला आणि त्यावरून गुजराल सरकार कोसळले. देशाच्या परराष्ट्र धोरणातला इतका मोठा निर्णय नागरिकांना कळण्यासाठी आधी एका माजी पंतप्रधानांचा खून व्हावा लागला, ही गोष्ट मला अतिशय लागते. तो अहवालही राजकीय भांडणात वापरला गेला आणि त्यातला धोरणाचा भाग बाजूला पडला.

हे प्रशिक्षण कशासाठी होते? तमिळांच्या रक्षणासाठी, असे म्हणता येईल, आणि त्यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. तमिळनाडूच्या रस्त्यांवरचा संताप खरा होता. मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन लिट्टेला उघड पाठबळ देत होते आणि कोणत्याही केंद्र सरकारला त्याकडे पाठ फिरवता आली नसती. पण त्याचबरोबर दुसरे एक गणित चालू होते. श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने अमेरिकेकडे झुकले होते. इस्रायली तज्ज्ञ, खासगी ब्रिटिश भाडोत्री प्रशिक्षक, पाकिस्तानची मदत, व्हॉइस ऑफ अमेरिकाचे प्रक्षेपण केंद्र, त्रिंकोमालीचे खोल नैसर्गिक बंदर, या सगळ्यांची दिल्लीला चिंता होती. शस्त्रे दिलेली मुले हा कोलंबोवर दबाव आणण्याचा मार्ग होता. जयवर्धने वाकावेत इतका तो दबाव हवा होता, पण देश फुटावा इतका नको होता. कारण ईलम, म्हणजे तमिळांचे स्वतंत्र राष्ट्र, झाले तर त्याचे पडसाद मद्रासमध्ये काय उमटतील, ही भीतीही होतीच. वेगळ्या द्रविडनाडूची मागणी द्रमुकने सोडून तेव्हा पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती.

म्हणजे एकाच वेळी तमिळ तरुणांना लढायला शिकवायचे, त्यांनी जिंकू नये असेही पाहायचे आणि त्यांच्याच वतीने वाटाघाटी करायच्या. ज्या मुलांना जंगलात बंदूक चालवायला शिकवले, त्यांना यातले किती सांगितले होते? ती वेगळ्या राष्ट्रासाठी मरायला निघाली होती. लिट्टेचा प्रमुख प्रभाकरन याला हे गणित लवकर कळले असावे, असे मला वाटते. १९८६ मध्ये त्याच्या माणसांनी टेलोचा नायनाट केला, कारण टेलो दिल्लीच्या अधिक जवळचा गट मानला जात होता.

१९८७ च्या मे महिन्यात श्रीलंकेच्या सैन्याने जाफना द्वीपकल्पातल्या वडमराच्चीत लिट्टेविरुद्ध मोठी मोहीम काढली. ३ जूनला रामेश्वरमहून मदत घेऊन निघालेल्या आपल्या होड्या श्रीलंकेच्या नौदलाने परत पाठवल्या आणि दुसऱ्या दिवशी, ४ जूनला, पाच एएन-३२ विमानांनी मिराज विमानांच्या संरक्षणात जाफन्यावर अन्न आणि औषधे टाकली. सामान सुमारे २५ टन. लाखो लोकांच्या वेढलेल्या प्रदेशाला २५ टन किती पुरणार? तो कोलंबोसाठी निरोप होता, आणि जयवर्धनेंनी तो बरोबर वाचला. आठ आठवड्यांत, २९ जुलैला, कोलंबोत करारावर सह्या झाल्या.

त्या कराराचा मजकूर सार्वजनिक आहे, तो मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. त्यात श्रीलंकेची एकता आहे, उत्तर आणि पूर्व प्रांतांचे तात्पुरते एकत्रीकरण आहे, प्रांतिक परिषदा आहेत, तमिळला राजभाषेचे स्थान आहे. ४८ तासांत युद्धबंदी आणि ७२ तासांत शस्त्रे खाली, असे वेळापत्रक आहे. जोडपत्रात असे म्हटले आहे की श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष गरज पडल्यास भारतीय शांतिरक्षक तुकडी बोलावू शकतात. पण त्याच दिवशी राजीव गांधी आणि जयवर्धने यांच्यात पत्रांचीही देवाणघेवाण झाली. माझ्या मते आपल्या सरकारचा हेतू शोधायचा तर करारापेक्षा ती पत्रे आधी वाचावीत. त्यांत काय आहे? परदेशी लष्करी आणि गुप्तचर माणसांच्या वावराबद्दल दोन्ही देशांनी लवकर समझोता करणे. त्रिंकोमाली किंवा अन्य कोणतेही बंदर भारताच्या हिताला बाधक ठरेल अशा लष्करी वापरासाठी कोणत्याही देशाला न देणे. त्रिंकोमालीच्या तेलटाक्यांचे पुनरुज्जीवन भारत व श्रीलंका यांनी संयुक्तपणे करणे. परदेशी प्रक्षेपण केंद्रांचा वापर लष्करी किंवा गुप्तचर कामासाठी होऊ नये म्हणून त्यांच्या करारांचा फेरविचार करणे.

या मागण्यांत गैर काही नव्हते. पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडे दुसऱ्या महासत्तेचा तळ होऊ नये असे भारताला वाटणे स्वाभाविक होते, आणि त्या वेळी मी सरकारात असतो तर मीही त्यासाठी आग्रह धरला असता. माझा आक्षेप वेगळा आहे. या पत्रांनी भारताला हवे ते बरेचसे २९ जुलैलाच मिळवून दिले, आणि त्याबदल्यात तमिळ गट शस्त्रे खाली ठेवतील याची हमी भारताने घेतली. ज्या लिट्टेची हमी घेतली तिची करारावर सही नव्हती. प्रभाकरनला दिल्लीत आणून अशोका हॉटेलात ठेवले होते, त्याची समजूत काढली गेली, आश्वासने दिली गेली. ती नेमकी कोणती, याबद्दल आजही दोन बाजूंच्या दोन कथा आहेत. ४ ऑगस्टला सुदुमलईच्या सभेत त्याने जे भाषण केले त्याचा आशय असा होता की एका महासत्तेने आपले भवितव्य ठरवले आहे आणि ते अडवणे आपल्या हातात नाही. हा होकार नव्हता. दिल्लीत ते भाषण कुणी वाचले नाही काय? वाचले असेल तर त्यावर कोणती टिपणी लिहिली गेली?

जयवर्धनेंचा हेतू तर आपल्या हेतूपेक्षा कितीतरी स्पष्ट होता. देशाच्या दक्षिणेत जनता विमुक्ती पेरामुना या सिंहली डाव्या संघटनेचे बंड उसळत होते आणि त्यांचे सैन्य उत्तरेत अडकले होते. भारतीय सैन्य जाफन्यात उतरले, आणि भारतीय विमानांतूनच श्रीलंकेचे सैनिक दक्षिणेकडे नेले गेले. त्यांची लढाई आपण अंगावर घेतली. आपल्या कुणाच्या लक्षात हे तेव्हा आले होते का, आणि आले असेल तर त्याने फाइलवर काय लिहिले, हे मला वाचायचे आहे.

आणखी एक हेतू असा आहे की ज्याबद्दल बोलायला सगळे कचरतात. १९८७ चा उन्हाळा राजीव गांधींसाठी वाईट होता. एप्रिलमध्ये बोफोर्स प्रकरण फुटले, विश्वनाथ प्रताप सिंग मंत्रिमंडळातून गेले, जूनमध्ये हरियाणात काँग्रेसचा मोठा पराभव झाला. त्याआधी पंजाब, आसाम आणि मिझोराम असे तीन करार राजीव गांधींनी केले होते आणि करार करणारा पंतप्रधान अशी त्यांची प्रतिमा होती. चौथ्या कराराची घाई त्यातून आली का? माझ्याजवळ याचा पुरावा नाही. हा अंदाज आहे, आणि तो अंदाज म्हणूनच मांडतो आहे. पण ज्या घाईने सगळे झाले ती कुणी नाकारू शकत नाही. ५४ वी पायदळ डिव्हिजन सह्यांच्या दुसऱ्या दिवशी पलाली विमानतळावर उतरू लागली. अपुरे नकाशे, तमिळ बोलणारी मोजकी माणसे, आणि काम म्हणजे शस्त्रे गोळा करणे आणि शांतता राखणे, असे सांगून पाठवलेले जवान.

तत्कालीन उच्चायुक्त जे. एन. दीक्षित यांच्या आठवणींतून असे चित्र उभे राहते की ही मुले आपलीच आहेत, ती आपल्यावर बंदूक उचलणार नाहीत असा गुप्तचर यंत्रणेचा भरवसा होता, आणि वेळ आलीच तर काही आठवड्यांत आटोपता येईल असा लष्करप्रमुख जनरल सुंदरजी यांचा अंदाज होता. दुसरीकडे ५४ डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल हरकिरत सिंग यांनी लिहून ठेवले आहे की सप्टेंबरात प्रभाकरन बोलणीसाठी येईल तेव्हा त्याला गोळी घालावी, असे त्यांना दीक्षितांनी सांगितले आणि त्यांनी सैनिकी सभ्यतेला धरून ते नाकारले. किती गंभीर विधान आहे हे! शांतता राखायला गेलेल्या सैन्याच्या प्रमुखाला असा आदेश खरोखर दिला गेला होता का? दिला असेल तर तो कोणाच्या संमतीने? दीक्षित आज हयात नाहीत. एका माणसाच्या आठवणीवर हा प्रश्न कायमचा सोडून देणे त्या दोघांवरही अन्याय करणारे आहे. संदेशांच्या नोंदी असतील तर त्या काढा.

पुढचे सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबरात लिट्टेचा तिलीपन जाफन्यातल्या नल्लूरला अन्नपाणी सोडून बसला आणि २६ तारखेला गेला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात श्रीलंकेच्या नौदलाने लिट्टेचे १७ जण पकडले. त्यांना कोलंबोला नेऊ नये म्हणून भारतीय अधिकाऱ्यांनी आटापिटा केला, पण ते जमले नाही, आणि ५ ऑक्टोबरला पलालीत त्यांनी सायनाइड चावले. १२ जण मेले. १० ऑक्टोबरला ऑपरेशन पवन, म्हणजे लिट्टेविरुद्धची आपल्या सैन्याची कारवाई, सुरू झाले. ११ च्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून जवान उतरवले गेले. लिट्टे तयारीतच होती. १३ शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तीस जणांच्या प्लाटूनमधले २९ जण तिथे मारले गेले, एक पकडला गेला. अडीच महिन्यांपूर्वी ज्यांच्या गळ्यात जाफन्याच्या लोकांनी हार घातले होते, तेच हे सैन्य.

माझे म्हणणे नीट समजून घ्यावे. जवानांच्या शौर्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण ज्या सैनिकाला सकाळी सांगितले आहे की तू या लोकांचा रक्षक आहेस, त्याच सैनिकाला संध्याकाळी त्याच वस्तीत घराघरातून गोळीबार सोसत पुढे सरकायला लावले, तर तो समोरच्या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहणार? २१ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, जाफना रुग्णालयात आपले सैनिक शिरले आणि डॉक्टर, परिचारिका, कर्मचारी, रुग्ण असे मिळून सत्तरच्या आसपास लोक मारले गेल्याचे तिथले लोक सांगतात. आतून आपल्यावर गोळ्या झाडल्या जात होत्या, असे आपल्या बाजूचे म्हणणे. वाचलेले लोक वेगळे सांगतात. २ ऑगस्ट १९८९ ला वल्वेट्टीतुराईत लिट्टेच्या हल्ल्यात आपले सहा जवान पडले आणि त्यानंतर गावातले पन्नासहून अधिक नागरिक मारले गेले. जॉर्ज फर्नांडिस यांनी तेव्हा त्याविरुद्ध मोठा आवाज उठवला होता. पुढे ते स्वतः संरक्षणमंत्री झाले, पण या प्रकरणाचे कागद तेव्हाही बाहेर आले नाहीत. लष्कराने आपापल्या चौकश्या केल्या असतील तर त्यांचे निष्कर्ष काय होते? दोषी ठरले असतील तर त्यांना काय शिक्षा झाली? कुणीच दोषी नव्हते असा निष्कर्ष असेल तर तो कोणत्या साक्षींवरून? हे प्रश्न विचारल्याने सैन्याचा अपमान होतो, असे मला वाटत नाही. जे जवान शिस्तीने वागले, ज्यांनी वेढलेल्या कुटुंबांना आपल्या शिध्यातला घास दिला, त्यांचीही नोंद याच कागदांत असणार आणि तीही आज बंद आहे.

१९८८ च्या शेवटी ईपीआरएलएफचे वरदराज पेरुमाळ यांना मुख्यमंत्री करून उत्तर-पूर्व प्रांताचे सरकार उभे केले. परतीची वेळ जवळ आली तेव्हा त्या सरकारसाठी एक तमिळ फौज उभारण्यात आली आणि तिच्यासाठी शाळकरी पोरेसुद्धा रस्त्यावरून उचलून भरती केली गेली. आपले सैन्य निघाल्यावर लिट्टेने त्या पोरांचे काय केले, हे लिहायलाही जड जाते. त्या भरतीला मान्यता कोणी दिली? दरम्यान जानेवारी १९८९ मध्ये प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले होते. त्यांनी भारतीय सैन्याने निघून जावे अशी जाहीर मागणी केली आणि भारताशी लढण्यासाठी लिट्टेला शस्त्रे पुरवली. ज्यांनी बोलावले त्यांना आपण नको होतो, ज्यांच्यासाठी गेलो त्यांना नको होतो. मद्रासला जहाजे लागली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत.

पाय गमावलेले जवान पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात येतात, हे इथल्या लोकांनी पिढ्यानपिढ्या पाहिले आहे. १९६५ चा, १९७१ चा, कारगिलचा जखमी म्हटला की ऐकणाऱ्याच्या मनात एक गोष्ट उभी राहते. श्रीलंकेत जखमी झालेल्या माणसाला आपली गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते, आणि शेवटी समोरचा विचारतोच, पण आपण तिथे गेलो कशाला होतो? याचे उत्तर त्या सैनिकाने द्यायचे नसते, ते तुम्ही द्यायचे आहे.

संरक्षणमंत्री महोदय, तुमच्याच मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्ध-इतिहासाबाबत धोरण जाहीर केले. सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ आणि त्याखालचे १९९७ चे नियम यांना धरून नोंदी साधारणपणे २५ वर्षांत खुल्या व्हाव्यात, संयुक्त सचिवांच्या अध्यक्षतेखाली तिन्ही दले, परराष्ट्र व गृह मंत्रालय यांचे प्रतिनिधी आणि गरजेप्रमाणे नामवंत लष्करी इतिहासकार यांची समिती असावी, मोहीम संपल्यापासून पाच वर्षांत तिचा इतिहास सिद्ध व्हावा, असे त्यात म्हटले आहे. वेळेवर प्रसिद्ध झालेला इतिहास लोकांना घटनांची अचूक माहिती देतो आणि निराधार अफवांना उत्तर देतो, हेही त्यातच आहे. मी त्या प्रत्येक शब्दाशी सहमत आहे. १९९० मध्ये २५ मिळवले की २०१५ येते.

परराष्ट्रमंत्री महोदय, आपण १९८८ ते १९९० या काळात कोलंबोत प्रथम सचिव होता आणि शांतिसेनेचे राजकीय सल्लागार म्हणून काम करत होता. आजच्या मंत्रिमंडळात त्या काळाची आपल्याइतकी जवळून माहिती असलेले दुसरे कुणी नसावे. युद्धाच्या नोंदी खुल्या कराव्यात अशी शिफारस करणाऱ्या कारगिल आढावा समितीचे अध्यक्ष के. सुब्रह्मण्यम हे आपले वडील होते. कारगिलचे युद्ध संपून वर्षही झाले नव्हते तेव्हा तो अहवाल संसदेत आला होता. म्हणून ही विनंती आपल्याला विशेष आग्रहाने करतो.

नकाराची कारणे मला दिसतात. कोलंबोशी संबंध बिघडतील, असे सांगितले जाईल. पण त्रिंकोमालीच्या टाक्यांचा विषय, जो १९८७ च्या पत्रात होता, तो २०२२ च्या जानेवारीत दोन्ही देशांनी उघड करार करून पुढे नेला. ९९ पैकी १४ टाक्या इंडियन ऑइलच्या श्रीलंकेतील कंपनीकडे आणि ६१ संयुक्त कंपनीकडे आल्या. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्रिंकोमालीला ऊर्जा केंद्र करण्याचा समझोता झाला, संरक्षण सहकार्याचाही झाला, आणि त्याच दौऱ्यात पंतप्रधानांनी कोलंबोजवळच्या शांतिसेना स्मारकावर पुष्पचक्र वाहिले. हे स्मारक श्रीलंका सरकारने उभारले आहे. ज्या देशात आपल्या सैन्याविषयी इतका राग होता, तो देश आपल्या सैनिकांची नावे दगडावर कोरू शकतो, तर आपल्याला आपलेच कागद उघडायला काय हरकत आहे? तिथल्या राज्यघटनेतली प्रांतिक परिषदा आणणारी तेरावी दुरुस्ती पूर्णपणे अमलात आणा, प्रांतिक परिषदांच्या निवडणुका घ्या, असे भारत आजही श्रीलंकेला सांगतो, आणि ते योग्यच आहे. १९८७ च्या आश्वासनांचा हिशेब दुसऱ्याकडे मागणाऱ्याने आपल्या बाजूचा हिशेबही मांडावा.

गुप्तचरांच्या सूत्रांचा प्रश्न खरा आहे. हयात माणसांची नावे झाका, पद्धती झाका, त्याला कुणाचा विरोध असणार नाही. पण मंत्रिमंडळाच्या राजकीय व्यवहार समितीत काय चर्चा झाली, लष्करप्रमुखांनी लेखी काय कळवले, सैन्याला दिलेल्या कामाचे शब्द २९ जुलैला काय होते आणि १० ऑक्टोबरला ते कुणाच्या सहीने बदलले, यात कुठले सूत्र उघडे पडते? आणि हे सगळे एका विरोधी पक्षाच्या राजवटीतले आहे म्हणून फक्त त्या पक्षाला झोडपण्यापुरते निवडक कागद बाहेर काढू नयेत, ही विनंतीही आताच करून ठेवतो. जैन आयोगाच्या अहवालाचे तसे झाले. छावण्या एका पंतप्रधानांच्या काळात सुरू झाल्या, सैन्य दुसऱ्यांनी पाठवले, परत तिसऱ्यांनी आणले, आणि त्यानंतरच्या प्रत्येक सरकारने फाइल बंद ठेवली. पूर्ण संच आला तरच त्याला इतिहास म्हणता येईल.

समिती नेमलेली नसेल तर ती नेमा आणि तिच्या सदस्यांची नावे जाहीर करा. नेमली असेल तर काम कुठवर आले ते संसदेत सांगा. शांतिसेनेत गेलेले जे अधिकारी आणि जवान आज सत्तरी-ऐंशीत आहेत त्यांच्या साक्षी आत्ताच ध्वनिमुद्रित करा, कारण त्यांच्याजवळ आता फार वेळ नाही. महार आणि मराठा पलटणींच्या युद्धदैनंदिन्या अभिलेखागारात द्या. जाफना रुग्णालय आणि वल्वेट्टीतुराई या दोन प्रकरणांवरच्या चौकशीचे कागद स्वतंत्रपणे प्रसिद्ध करा, आणि तिथल्या कुटुंबांची बाजूही त्या इतिहासात नोंदवून घ्या. इतिहास तयार झाला की तो इंग्रजीत छापून दिल्लीच्या ग्रंथालयात ठेवू नका. तमिळमध्ये काढा, सिंहलीत काढा, पंजाबीत आणि मराठीतही काढा. शीख लाइट इन्फन्ट्री, मराठा आणि महार पलटणींतल्या मृत जवानांच्या घरी जी भाषा बोलली जाते, त्या भाषेत त्याची एक प्रत सरकारने स्वतः पोहोचवावी.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
पुण्यातील एक नागरिक